प्लेगच्या पुण्यातले गोपाळराव

सार्वजनिक गणेशोत्सव म्हटला की लोकमान्य टिळकांचे स्मरण ओघानेच येते. आपल्या मंडळाच्या अंकांतूनही त्यांच्यावर अनेकदा लिहिले गेले आहे. यंदा त्याच काळातील, त्याच पुण्यातील, पण टिळकांशी आयुष्यभर मतभेद असलेल्या एका थोर पुरुषाची आठवण करावी असे आम्ही ठरविले. ते म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले.

आपल्या सीमाभागाला गोपाळराव परके नाहीत. जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूकचा; पण वडील कागल संस्थानच्या नोकरीत असल्याने बालपण कागलला गेले. निपाणीहून कोल्हापूरला जाताना वाटेत लागते तेच हे कागल. वडील लवकर वारले. थोरले बंधू गोविंदराव शिक्षण सोडून पंधरा रुपयांवर नोकरीला लागले आणि त्यातले आठ रुपये धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. तो मुलगा १८८४ साली बी. ए. झाला आणि पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाला. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात पंचाहत्तर रुपये पगारावर त्याने ऐन उमेदीची वर्षे दिली. त्याचे अंकगणिताचे पुस्तक आपल्या आजोबा-पणजोबांनी शाळेत गिरविले आहे.

न्यायमूर्ती रानडे हे त्यांचे गुरू. त्या वेळचे पुण्याचे राजकारण काही सौम्य नव्हते. सार्वजनिक सभा १८९५ साली टिळकांच्या पक्षाकडे गेली. तेव्हा रानडे आणि गोखले यांनी दुसऱ्याच वर्षी डेक्कन सभा काढली. सामाजिक सुधारणा आधी की स्वराज्य आधी, यावरून वर्तमानपत्रांत रोज खडाजंगी चाले. अशा दुभंगलेल्या शहरात प्लेग आला.

मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात दिसलेली ही साथ काही महिन्यांतच पुण्यात पसरली. सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा केला. कोरोनाच्या वेळी, २०२० च्या मार्चमध्ये, देशभर ज्या कायद्याचा आधार घेतला गेला तो हाच. पुण्यात वॉल्टर रँड याच्या हाती कारभार आला आणि घरांच्या तपासणीसाठी गोरे शिपाई नेमले गेले. स्वयंपाकघर, देवघर, माजघर, कुठेही शिपाई शिरत. आजारी माणसाला इस्पितळात आणि घरच्यांना वेगळ्या छावणीत नेत. सामानसुमान जाळले जाई. साथ आटोक्यात आणायला उपाय हवेच होते, पण ज्या पद्धतीने ते झाले त्याने शहर पेटून उठले. लोकांनी अर्ज केले, वर्तमानपत्रांनी कडक टीका केली. पंडिता रमाबाईंनीही बायकांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध जाहीरपणे लिहिले.

आम्ही स्वतः राज्य सरकारच्या नोकरीत आहोत. कोरोनाच्या काळात गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधून उभे राहण्याची पाळी आमच्यासारख्या अनेकांवर आली होती. नियम आवश्यक असला तरी तो दारात कोण घेऊन येतो आणि कोणत्या शब्दांत सांगतो, यावर लोक ऐकतात की बिथरतात हे ठरते. पुण्यात १८९७ साली सरकारला हेच उमगले नाही.

गोपाळराव त्या वेळी पुण्यात नव्हते. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेत होते. वय जेमतेम एकतीस. साक्ष उत्तम झाली आणि नाव झाले. त्याच सुमारास पुण्याहून मित्रांची पत्रे येऊ लागली. शिपायांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले व त्यांपैकी एकीने जीव दिला, असे त्यांत होते. पत्रे विश्वासातल्या माणसांची होती. गोपाळरावांनी ती हकीकत तेथील वर्तमानपत्रात प्रसिद्ध केली. पार्लमेंटात प्रश्न निघाले आणि मुंबई सरकारने आरोप साफ नाकारला.

तेवढ्यात इकडे परिस्थिती पार बदलली होती. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच रात्री आयर्स्ट हा अधिकारी ठार झाला. रँड काही दिवसांनी मेला. जुलैअखेर टिळकांना अटक झाली. शहरात धरपकडीचे भय पसरले. गोपाळराव परतले तेव्हा ज्यांनी पत्रे लिहिली होती त्यांच्यापैकी कोणीही पुढे येऊन पुरावा द्यायला तयार नव्हते. त्यांना दोष तरी कसा द्यावा? त्या दिवसांत सरकारविरुद्ध साक्ष देणे म्हणजे घरादारावर निखारा ठेवणे होते.

आता दोनच वाटा उरल्या होत्या. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगून स्वतः मोकळे व्हायचे, किंवा सगळा दोष स्वतःच्या डोक्यावर घ्यायचा. गोपाळरावांनी दुसरी वाट धरली. जे सिद्ध करता येत नाही ते आपण बोलायला नको होते, असे मानून ऑगस्टच्या आरंभी त्यांनी सरकारची आणि शिपायांची जाहीर माफी मागितली. एकाही मित्राचे नाव उघड केले नाही.

पुण्यात त्यांची छी-थू झाली. टिळक तुरुंगाला सामोरे गेले आणि गोखल्यांनी माफी मागितली, अशी तुलना घरोघर झाली, आजही होते. टिळकांच्या धैर्याला आमचा नमस्कारच आहे. पण गोखल्यांना भित्रे म्हणणे आम्हाला पटत नाही. भित्रा माणूस दुसऱ्याचे नाव सांगून सुटतो. माफीचे शब्द त्यांनी जरा जास्तच वाकून लिहिले, असे फार तर म्हणता येईल. कोरोनात मोबाईलवर आलेल्या किती ऐकीव गोष्टी आपण पुढे ढकलल्या आणि त्या खोट्या ठरल्यावर कितीजणांनी तसे जाहीर सांगितले, हे ज्याचे त्याने आठवावे.

माफीनंतर ते घरात बसले नाहीत. साथ पुन्हा उसळली तेव्हा ज्या गल्ल्यांत त्यांची निंदा होत होती त्याच गल्ल्यांत ते स्वयंसेवक घेऊन फिरले, रोग्यांची विचारपूस केली, लोकांना उपाय समजावून सांगितले. १८९९ साली ते मुंबईच्या कायदेमंडळात निवडून गेले, पुढे व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात. १९०२ साली पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. दिल्ली-कलकत्त्याच्या अंदाजपत्रकावर बोलणारा हा माणूस गटारे, पाणी आणि झाडलोटीच्या हिशेबातही तितकाच बारकाईने लक्ष घाली. सभासदांनी कारभाराबद्दल प्रश्न विचारावेत आणि सभेचे कामकाज छापून लोकांपुढे यावे, असा पायंडा त्यांनी पाडला. उघड, लेखी आणि तपासता येईल असा कारभार हवा, हा त्यांचा आग्रह होता. १८९७ च्या चटक्याने तो अधिक पक्का झाला असावा, असे आम्हाला वाटते.

१९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी काशीच्या काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविले. १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढल्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत जाऊन त्यांनी गांधीजींच्या लढ्याला बळ दिले. गांधीजी त्यांना आपले राजकीय गुरू मानत.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, गोपाळराव पुण्यात वारले. अंत्यसंस्काराच्या वेळी टिळक उपस्थित होते आणि आपल्या या जुन्या प्रतिपक्ष्याचा त्यांनी मोकळ्या मनाने गौरव केला. आपल्या मंडळांतही मतभेद होतात, निवडणुकीत दोन पॅनेल पडतात, वर्षानुवर्षे बोलणे बंद राहते. यंदा बाप्पापुढे आरतीला उभे राहताना टिळकांबरोबर गोपाळरावांचीही आठवण व्हावी, आणि शेजारी उभ्या असलेल्या विरोधी पॅनेलच्या माणसाच्या हाती आपल्या हाताने प्रसाद द्यावा, एवढीच विनंती.