बाबासाहेबांची घरे : कोणाची, कशासाठी?

बडोद्याने १९१७ साली ज्या तरुण अधिकाऱ्याला राहायला एक खोली दिली नाही, त्याच्या राहत्या जागांचे काय करावे, हा प्रश्न गेली काही वर्षे मुंबई, दिल्ली आणि लंडन या तीन महानगरांना पडलेला आहे. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे चरित्र त्यांच्या ग्रंथांवरून, लढ्यांवरून आणि राज्यघटनेवरून अनेकांनी लिहिले. ते त्यांच्या घरांवरूनही वाचता येते. तसे वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते : या माणसाला जागा सहजासहजी मिळाली नाही, आणि जी मिळाली तिचा उपयोग काय करायचा, याविषयी त्याच्या मनात कधीही संभ्रम नव्हता.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी इंदूरजवळच्या महू छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. कुटुंबाचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. म्हणजे पहिले घर सरकारी, नोकरीबरोबर आलेले आणि नोकरीबरोबर सुटलेले. पुढे दापोली, मग सातारा. साताऱ्यात आई भीमाबाई गेल्या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी शाळेत भिवा दाखल झाला आणि काही वर्षांनी हे कुटुंब मुंबईला लोअर परळच्या डबक चाळीत आले.

डबक चाळीतली ती एक खोली म्हणजे स्वयंपाकघर, माजघर आणि अभ्यासिका. सगळी माणसे एकाच वेळी आडवी होतील एवढीही जागा नसल्याने रामजींनी वेळाची वाटणी केली. मुलाला लवकर झोपवायचे, आपण जागायचे आणि उत्तररात्री दोनच्या सुमारास त्याला उठवून त्याच जागी स्वतः पडायचे. मुलगा मग रॉकेलच्या दिव्यापाशी उजाडेपर्यंत वाचत बसे. १९०७ साली तो मॅट्रिक झाला. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले आणि पुढे सयाजीराव गायकवाडांपर्यंत नेले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीचे दार उघडले ते तिथून.

१९१२ पासून हे कुटुंब परळच्या पोयबावाडीतील इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या, म्हणजे बीआयटीच्या, पहिल्या क्रमांकाच्या चाळीत राहू लागले. खोल्या दोन, क्रमांक ५० आणि ५१. पुढची सुमारे बावीस वर्षे हाच त्यांचा पत्ता राहिला. कोलंबिया विद्यापीठात जाताना आणि तिथून परतताना हाच पत्ता होता. महाडच्या सत्याग्रहाला निघताना आणि गोलमेज परिषदेचे निमंत्रण आले तेव्हाही हाच होता. कोल्हापूरचे शाहू महाराज या चाळीच्या पायऱ्या चढून त्यांना भेटायला आले होते. एक छत्रपती गिरणगावातल्या चाळीत स्वतः चालत जातो, या एका प्रसंगाचे महत्त्व त्या काळच्या कितीतरी दरबारी समारंभांहून मोठे आहे.

बडोद्याची हकिकत मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण पुढच्या सगळ्याची किल्ली तिच्यात आहे. शिष्यवृत्तीच्या करारानुसार परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची होती. १९१७ च्या ऑगस्टमध्ये भीमराव लंडनहून परतले. पुस्तकांचे सामान वेगळ्या जहाजाने निघाले होते; महायुद्धात ते जहाज बुडाले आणि पुस्तके समुद्रात गेली. सप्टेंबरात ते बडोद्यात रुजू झाले. महाराजांच्या लष्करी सचिवालयात हुद्दा होता, कोलंबियाची पदवी होती. शहरात राहायला घर नव्हते. हिंदू खाणावळीत प्रवेश नव्हता. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून, रोज दीड रुपया भाड्याने, वरच्या मजल्यावरची एक लहान खोली त्यांनी घेतली. बाजूचे दालन मोडक्या खुर्च्यांनी आणि फळ्यांनी भरलेले. अंधार पडला की वटवाघळे फिरत. एका कंदिलाच्या उजेडात ते वाचत बसत.

अकराव्या दिवशी सकाळी दहा-बारा पारशी हातात काठ्या घेऊन जिना चढून आले. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. आठवड्याची मुदत मागितली, ती मिळाली नाही. कचेरीतून मदत आली नाही. एक हिंदू मित्र होता. त्याने सांगितले, हा पाहुणा घरात आला तर नोकर सोडून जातील. दुसरा मित्र ख्रिस्ती होता. त्याने पत्नीला विचारून सांगतो म्हणून विषय टाळला. रात्री नऊच्या मुंबईच्या गाडीला अवकाश होता. ते तास त्यांनी कमाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, बसून काढले. त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात आणि दर २३ सप्टेंबरला तेथे लोक जमतात. तीनच वर्षांनी, १९२० मध्ये, अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करायला ते पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा पाच हजार रुपये उसने देणारा नवल भथेना हा त्यांचा मित्र पारशीच होता. चरित्रकार हे दोन पारशी प्रसंग बहुधा वेगवेगळ्या प्रकरणांत सांगतात. ते शेजारी ठेवूनच वाचावेत.

लंडनमध्ये १९२१-२२ या काळात ते किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात राहिले. प्रिमरोझ हिल टेकडीजवळचा हा शांत, सुखवस्तू रस्ता. विद्यार्थ्याचे दिवस मात्र ओढगस्तीचे होते. न्याहारी तुटपुंजी, रात्री भूक अनावर झाली की भारतातून आलेल्या डब्यातला पापड भाजून खायचा. दिवस ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जाई, दार उघडण्याच्या वेळेपासून ते बंद होण्याच्या वेळेपर्यंत. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या दोन पदव्या आणि ग्रेज इनची बॅरिस्टरी ही त्या काही वर्षांची मिळकत.

मुंबईला परतल्यावर त्यांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. या सभेचे अगदी आरंभीचे काम म्हणजे १९२५ च्या जानेवारीत सोलापुरात उघडलेले विद्यार्थ्यांचे वसतिगृह. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये बेळगाव जिल्ह्यातील निपाणीला झालेल्या प्रांतिक परिषदेचे अध्यक्ष तेच होते. सभा, मोर्चे आणि निवेदने यांच्याइतकीच त्यांना मुलांच्या डोक्यावरच्या छपराची काळजी होती. बडोद्याच्या बागेत बसलेल्या माणसाला वसतिगृह ही वास्तू काय असते, हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

स्वतःचे घर त्यांनी बांधले ते चाळिशीत. दादरच्या हिंदू कॉलनीतील त्या वास्तूला मगधाच्या प्राचीन राजधानीवरून राजगृह हे नाव दिले आणि १९३४ च्या सुमारास ते तेथे राहायला गेले. कर्ज काढून बांधलेल्या या घराचा आराखडा पाहिला, तर माणसांपेक्षा पुस्तकांचा विचार आधी झाला आहे, हे ध्यानात येते. येथील ग्रंथसंग्रह सुमारे पन्नास हजारांवर गेला. रमाबाईंना हे घर फार काळ लाभले नाही; २७ मे १९३५ रोजी त्यांचे येथेच निधन झाले. चाळीतल्या दोन खोल्यांत गोवऱ्या-लाकडांचा हिशेब करत संसार ओढलेल्या त्या बाईच्या वाट्याला राजगृहाची वर्ष-दीड वर्षेच आली.

१९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून ते दिल्लीला गेले. मग मसुदा समितीचे अध्यक्षपद, कायदामंत्रिपद आणि सरकारी बंगले. पण याच काळात, १९४६ च्या जूनमध्ये, त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, ते युद्ध संपल्यामुळे रिकाम्या पडलेल्या लष्करी बराकींत. पुढे संस्थेने फोर्टातल्या दोन जुन्या इमारती विकत घेतल्या आणि त्यांना बुद्ध भवन व आनंद भवन अशी नावे दिली. जुन्या वास्तूचा नवा उपयोग हा शब्दप्रयोग आज वास्तुविशारदांच्या तोंडी असतो. बाबासाहेबांनी तो विचार जागा स्वस्तात हवी म्हणून अमलात आणला. सैनिकांच्या खाटा होत्या तेथे बाके मांडली, इतकेच.

हिंदू कोड बिल अडल्यावर त्यांनी १९५१ च्या सप्टेंबरात राजीनामा दिला आणि सरकारी बंगला सोडून ते २६, अलिपूर रोड येथे भाड्याने राहू लागले. बंगला सिरोहीच्या संस्थानिकांचा. आयुष्यभर साऱ्या देशाचे काम करून माणूस अखेरीस पुन्हा भाडेकरूच झाला. बुद्ध आणि त्याचा धम्म या ग्रंथाचे काम येथेच पूर्णत्वास गेले आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी येथेच त्यांचे निधन झाले. पार्थिव विमानाने मुंबईत आले, ते राजगृहावर. तेथून दादर चौपाटीपर्यंतची अंत्ययात्रा मुंबईने पुढे कित्येक वर्षे आठवली.

त्यांच्या पश्चात या जागांचे नशीब वेगवेगळे निघाले. अलिपूर रोडचा बंगला खासगी मालकांच्या हातांतून फिरला, मूळ वास्तू राहिली नाही. २००३ मध्ये सरकारने जागा ताब्यात घेतली आणि १३ एप्रिल २०१८ रोजी तेथे उघड्या ग्रंथाच्या आकाराचे राष्ट्रीय स्मारक उभे राहिले. स्मारक देखणे आहे. ज्या खोलीत त्यांनी अखेरची पाने हातावेगळी केली ती खोली मात्र आता कोणालाही पाहता येणार नाही. राजगृहात तळमजल्यावर संग्रहालय आणि वर कुटुंबाचे वास्तव्य, अशी सरळ व्यवस्था आहे. २०२० च्या जुलैत आवारात शिरून कोणी कुंड्या-काचांची मोडतोड केली, तेव्हा राज्यभर उमटलेला संताप या घराविषयीच्या आपुलकीची साक्ष होता.

दादरच्याच आंबेडकर भवनाची कहाणी कटू आहे. बाबासाहेबांनी काढलेल्या न्यासाची ही जागा. त्यांचा बुद्धभूषण छापखाना येथेच होता. २५ जून २०१६ रोजी पहाटेपूर्वी तिच्यावर बुलडोझर चालला. इमारत मोडकळीला आली होती आणि तेथे नवी बहुमजली वास्तू उभारायची होती, असे न्यासाचे म्हणणे. ते खरे मानले, तरी मध्यरात्र कशाला हवी होती, याला उत्तर नाही. हजारो लोक त्यानंतर मुंबईच्या रस्त्यावर आले. त्यांतल्या अनेकांचा नव्या इमारतीला विरोध नसेलही. आपल्याला कोणी विचारले नाही, हे त्यांचे दुखणे होते.

विचारण्याची रीत कशी असते, ते लंडनच्या घराने दाखवले, आणि तेही महाराष्ट्र शासनाला ठेच लागल्यावर. २०१४ मध्ये १०, किंग हेन्रीज रोड विक्रीला आले. ब्रिटनमधील आंबेडकरवादी आणि बौद्ध संघटनांनी भारतात पाठपुरावा केला आणि २०१५ मध्ये राज्य शासनाने तीस लाख पौंडांहून अधिक किंमत मोजून ते घेतले. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. राहत्या घराचे संग्रहालय करायला तेथे नगररचनेची परवानगी लागते. ती आधी घेतलेली नव्हती. काही शेजाऱ्यांनी वर्दळीची आणि गोंगाटाची तक्रार केल्यावर २०१८ मध्ये अर्ज झाला, आणि कॅम्डनच्या स्थानिक परिषदेने तो फेटाळला. कारण असे की घरांची टंचाई असलेल्या भागातील एक राहते घर त्यामुळे नाहीसे होते.

हे कारण हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. बाबासाहेबांच्या नावाने बोलणाऱ्याने तर ते अधिकच गांभीर्याने घ्यायला हवे होते. घर नसणे म्हणजे काय, हे त्यांच्याहून नीट कोणाला ठाऊक? अपील झाले. जाहीर चौकशी झाली. त्या पद्धतीत घराच्या बाजूने आणि विरोधात कोणालाही लेखी म्हणणे मांडता येते, आणि निरीक्षकाला ते वाचावे लागते. शेजाऱ्यांचे म्हणणे नोंदले गेले, तसेच हे घर पाहायला दूरदूरच्या गावांतून येणाऱ्यांचेही. निरीक्षकाचा कौल संग्रहालयाच्या बाजूने पडला आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या गृहनिर्माणमंत्र्यांनी तो मान्य केला. एका निवासाच्या हानीपेक्षा या वास्तूचे सांस्कृतिक मोल अधिक, असा तो निर्णय. दोन्ही पारड्यांत काय होते, हे कागदावर आहे आणि कोणालाही पाहता येते.

परळच्या बीआयटी चाळीची पाळी आता आहे. तेथे स्मारक व्हावे, अशी मागणी जुनी आहे आणि शासनाने तशी घोषणाही केलेली आहे. पण ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्या कधी रिकाम्या पडल्या नाहीत. बाबासाहेब राजगृहावर गेल्यानंतरही त्यांत कामकरी कुटुंबे राहत आली. चाळ जुनी झाली आहे, पुनर्विकासाची भाषा चालू आहे. त्या दोन खोल्या जशाच्या तशा राखायच्या, त्यांत अभ्यासिका करायची, की चाळीचा एक जिना आणि सज्जा तेवढा नव्या इमारतीत जपायचा, याविषयी मते अनेक असतील. चौदा एप्रिलला दर्शनाला येणाऱ्यांना विचारावे लागेल, वास्तुतज्ज्ञांना विचारावे लागेल. आणि सर्वांत आधी त्या मजल्यावर आज राहणाऱ्यांना, की त्यांना पर्यायी घर कुठे, केव्हा आणि कोणत्या कागदावर मिळणार आहे.