पुजाऱ्यांची मवाळ मगर

एत्येन जॉफ्रॉय सँ-इलेर हा फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ १७७२ साली जन्मला आणि एकविसाव्या वर्षीच पॅरिसमध्ये प्राध्यापक झाला. १७९८ मध्ये नेपोलियनच्या मोहिमेबरोबर तो इजिप्तला गेला. तिथे प्राचीन काळी मगरींना देव मानून त्यांच्या ममी करून ठेवत. त्या कवट्या न्याहाळताना त्याला ठेवण वेगळी वाटली. नाईलमध्ये आणखी एक, लहान आणि मवाळ जात आहे, असे त्याने १८०७ मध्ये मांडले. विद्वानांनी ते मानले नाही.

बँकेत मी वर्षानुवर्षे सह्या ताडून पाहिल्या. दोन सह्या वरकरणी सारख्या दिसल्या, तरी हाताचे वळण लपत नाही. म्हणून या माणसाच्या नजरेचे मला अप्रूप वाटते. उतारवयात तीच नजर गेली आणि १८४४ मध्ये तो वारला.

२०११ मध्ये ममींमधल्या डीएनएने त्याचा कौल खरा ठरवला. नाईलच्या मोठ्या मगरीचे जवळचे नाते तर अमेरिकेतल्या मगरींशी निघाले! पुजाऱ्यांनी बहुधा मवाळ म्हणूनच ही दुसरी मगर पाळली असावी. ती आता मुख्यतः पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत उरली आहे. दोघी एकच समजल्या गेल्या, म्हणून हिचे घटणे मात्र कोणाच्या हिशेबात आले नाही.