पाली भाषेचे उपासक : आचार्य धर्मानंद कोसंबी



आपण विहारात आणि घरी नित्यनेमाने त्रिसरण-पंचशील म्हणतो. लग्न असो, नामकरण असो की पुण्यानुमोदन, पाली शब्द आपल्या कानावर पडतात. तरीही पाली ही आपल्यापैकी कोणाच्याही घरची बोली नाही. आपल्या आजीने पालीत अंगाई गायिली नाही, बाजारात आपण पालीत भाव विचारीत नाही. मराठी माणसाला ही भाषा शिकावीच लागते. आज मराठीत पाली शिकण्याची जी काही सोय आहे, तिच्या आरंभी एका माणसाची पायपीट आहे. आचार्य धर्मानंद कोसंबी हे त्याचे नाव. परकी भाषा आपलीशी कशी करावी आणि ती दुसऱ्याच्या हाती कशी द्यावी, हे त्यांच्या चरित्रावरून शिकण्यासारखे आहे. म्हणून हे चरित्र आपल्यापुढे ठेवीत आहे.

गोव्यातील बालपण

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी एका सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. घरात कोकणी बोलली जाई, सरकार पोर्तुगीजांचे, आणि वाचायला मिळे ती मराठी. म्हणजे ज्या मराठीत पुढे त्यांनी ग्रंथामागून ग्रंथ लिहिले, तीसुद्धा त्यांनी पुस्तकातून मिळवलेली भाषा होती. शाळा जेमतेम काही इयत्तांची झाली. घरच्या नारळीच्या बागेची देखभाल करावी आणि मिळेल ते मराठी पुस्तक वाचावे, असा त्यांचा दिनक्रम होता. १८९१ साली बाळाबाईंशी त्यांचा विवाह झाला.

१८९७ च्या सुमारास 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात त्यांनी भगवान बुद्धाचे छोटे चरित्र वाचले. या महापुरुषाचा धम्म मूळ ग्रंथांतून जाणून घ्यायचा, असे त्यांच्या मनाने घेतले. मूळ ग्रंथ वाचायचे तर भाषा हवी आणि भाषा शिकवणारा गोव्यात कोणी नव्हता. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. मागे तरुण पत्नी आणि त्याच वर्षी जन्मलेली मुलगी माणिक होती. धर्मानंदांच्या विद्येची किंमत बाळाबाईंनीही मोजली आहे. चरित्र सांगताना ही गोष्ट झाकून ठेवणे बरोबर नाही.

काशीचे दार आणि सिंहलद्वीपाचे दार

प्रथम ते पुण्यास आले आणि रा. गो. भांडारकरांना भेटले. मग संस्कृत शिकण्यासाठी काशीला गेले. तेथे अन्नछत्रात जेवून त्यांनी व्याकरणाचा अभ्यास केला. येथे क्षणभर थांबून विचार करावा, ही विनंती. गोव्याहून आलेल्या निर्धन धर्मानंदांना काशीची पाठशाळा आणि अन्नछत्र उघडे होते, कारण ते जन्माने ब्राह्मण होते. त्याच काळात आपल्या बापजाद्यांना त्या पंगतीत आणि त्या पाठशाळेत जागा नव्हती. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये बाबासाहेबांनाही संस्कृत शिकू दिले गेले नाही. त्यांना फारसी घ्यावी लागली. या देशात भाषेच्या दारावरही जातीचा पहारा होता.

काशीनंतर बुद्धाचा धम्म शोधीत धर्मानंद १९०२ साली नेपाळात गेले. तेथे त्यांच्या मनाचे समाधान झाले नाही. बुद्धगया आणि कलकत्ता करीत त्याच वर्षी ते सिंहलद्वीपास पोहोचले. कोलंबोचे विद्योदय परिवेण १८७३ साली हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांनी स्थापन केले होते. तेथे सुमंगल स्थविरांच्या हातून त्यांनी प्रव्रज्या घेतली आणि पालीचे अध्ययन सुरू केले. तेथून ते मद्रासला आणि पुढे ब्रह्मदेशात गेले, भिक्षूंच्या संगतीत राहिले, ध्यानाचा अभ्यास केला.

पाली भाषा एक असली तरी तिला स्वतःची अशी लिपी नाही, हे आपणास ठाऊक असेलच. सिंहलात ती सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या लिपीत, सयाममध्ये सयामी लिपीत. देवनागरी वाचणाऱ्या माणसाला पालीपर्यंत जायचे तर आधी परक्या अक्षरांची ओळख करून घ्यावी लागे. पंचविशी ओलांडलेल्या या गृहस्थाने लहान मुलासारखे पुन्हा मुळाक्षरांपासून सुरू केले. मोठ्या वयात भाषा शिकणाऱ्याची खरी अडचण बुद्धीची नसते. चारचौघांत चुकायला त्याला लाज वाटते. धर्मानंदांनी ती लाज बाजूला ठेवली आणि जेथे ती भाषा श्वासासारखी वापरली जाते तेथे जाऊन राहिले. परिवेणात पाली केवळ तासापुरती नसते. पहाटेचे पठण पालीत, विनयाचे नियम पालीत, गुरूला वंदन पालीत.

मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कसारख्या वस्तीत याचा पडताळा रोज येतो. एकेका इमारतीत मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू बोलणारी कुटुंबे राहतात आणि आवारात खेळता खेळता मुले शेजाऱ्याची भाषा उचलतात. त्यांना कोणी विभक्ती पाठ करायला लावलेल्या नसतात. मात्र शाळेत वर्षानुवर्षे पाठ केलेली भाषा तोंडातून निघता निघत नाही. भाषेला सहवास लागतो. पण केवळ सहवासही पुरत नाही. आवारातील मुलाला बोलता येते, वाचता येईलच असे नाही. धर्मानंदांजवळ काशीची व्याकरणाची बैठक आणि सिंहल-ब्रह्मदेशचा सहवास, दोन्ही होते. म्हणून त्यांची पाली पक्की झाली.

जवळची भाषा अधिक फसवते

पाली संस्कृतला आणि मराठीला जवळची. त्यामुळे ती सोपी वाटते, आणि चूक होते ती तेथेच. पंचस्कंधांचे शब्द घ्या. मराठीत वेदना म्हणजे दुखणे. पालीत वेदनेत सुखाचा अनुभव येतो, दुःखाचा येतो आणि सुख-दुःख दोन्ही नसलेलाही येतो. मराठीत विज्ञान म्हणजे सायन्स. पालीत विञ्ञाण म्हणजे जाणीव. मराठीत संज्ञा म्हणजे नाव, पालीत सञ्ञा म्हणजे वस्तू ओळखणे. मराठीतले संस्कार आईवडील मुलांवर करतात, पालीतले संखार म्हणजे मनाच्या घडणी. ओळखीचा चेहरा पाहून आपण हाक मारावी आणि माणूस निराळाच निघावा, तसे हे होते.

याहून महत्त्वाचा शब्द आपल्या रोजच्या पंचशीलात आहे. सिक्खापद. मराठीत शिक्षा म्हटले की छडी, दंड, तुरुंग डोळ्यांसमोर येतो. पालीत सिक्खा म्हणजे शिकणे, सराव. समादियामि म्हणजे मी स्वतःहून घेतो. पंचशील हा कोणा देवाचा हुकूम नाही आणि मोडल्यास दंड करणारा कायदाही नाही. माणसाने आपण होऊन घेतलेले ते पाच धडे आहेत. एवढे दोन शब्द नीट कळले तरी आपले शील म्हणणे बदलते. भाषा मुरलेली असणे म्हणजे दुसरे काय? शब्द ऐकताच त्याच्या घरचा अर्थ मनात उभा राहावा, आपल्या घरचा नव्हे.

नोकरी सोडली, मराठी धरली

१९०६ साली धर्मानंद कलकत्त्यास आले, चीवर उतरवून गृहस्थाश्रमात परतले आणि नॅशनल कॉलेजात व कलकत्ता विद्यापीठात पाली शिकवू लागले. मराठी मुलखात मात्र पालीची वाट अजून बांधायची होती. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा ५० रुपये तीन वर्षे देऊ केले. महाराष्ट्रात राहावे आणि लेखन करावे एवढीच अपेक्षा. १९०८ साली विद्यापीठातील नोकरी सोडून त्यांनी ही लहान रक्कम पत्करली. भाषा शिकून मोठे होणारे पुष्कळ असतात. शिकलेली भाषा घेऊन आपल्या लोकांत परत येणारे थोडे. धर्मानंद त्या थोड्यांतले होत.

याच काळात हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक वुड्स यांची त्यांच्याशी मुंबईत गाठ पडली. आचार्य बुद्धघोषांच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनाचे काम हेन्री वॉरेन यांच्या १८९९ मधील मृत्यूनंतर अडले होते. त्यासाठी १९१० साली धर्मानंद अमेरिकेस गेले. ज्यांच्यापाशी कोणतीही पदवी नव्हती त्यांना हार्वर्डने बोलावले. आमच्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्या नावाने आला, त्यामुळे पदवीची किंमत मला ठाऊक आहे. पण पदवी ही विद्येची पावती आहे, विद्या नव्हे, हेही धर्मानंद शिकवून जातात.

या ग्रंथाची जुळणीही लक्षात घेण्यासारखी आहे. बुद्धघोष ५व्या शतकात भारतातून सिंहलास गेले आणि तेथील सिंहली अट्ठकथांच्या आधारे त्यांनी पालीत लेखन केले. पंधराशे वर्षांनी साखवाळच्या माणसाने तीच समुद्रयात्रा केली आणि त्याच बुद्धघोषांचा ग्रंथ शुद्ध करायला घेतला. संपादनाच्या श्रेयावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाला आणि १९१२ साली ते परतले. पुढे १९१८ ते १९२२ आणि त्यानंतर आणखी दोन वेळा ते अमेरिकेस गेले. हार्वर्डमध्ये असताना ते रशियन भाषाही शिकले आणि १९२९ साली लेनिनग्राडला पाली शिकवायला गेले. 'विसुद्धिमग्गा'ची हार्वर्ड आवृत्ती १९५० साली छापून निघाली, तेव्हा ते हयात नव्हते. त्याआधी १९४० साली त्यांनी हा ग्रंथ देवनागरीत काढला, म्हणजे जी अक्षरांची अडचण त्यांनी सोसली ती पुढच्यांना पडू नये. इतकेच नव्हे, 'विसुद्धिमग्गा'वर आणि 'अभिधम्मत्थसंगहा'वर त्यांनी स्वतः पाली भाषेत टीका लिहिल्या. परक्या भाषेत वाचणे ही एक पायरी, बोलणे ही दुसरी. त्या भाषेत शास्त्राचा अर्थ उलगडून सांगणे ही शेवटची. ती पायरी त्यांनी गाठली होती.

शिष्य आणि ग्रंथ

१९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली. तेथे त्यांच्या हाताखाली तयार झालेले पु. वि. बापट पुढे चिनी आणि तिबेटी भाषाही शिकले आणि बौद्ध विद्येचे नामांकित पंडित झाले. एका चांगल्या शिक्षकापासून भाषांची अशी वेल वाढते.

मराठी वाचकांसाठी धर्मानंदांनी 'बुद्ध, धर्म आणि संघ', 'बौद्धसंघाचा परिचय', 'समाधिमार्ग', 'भगवान बुद्ध' असे ग्रंथ लिहिले. 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ वाचला की मूळ भाषा येण्याचा फायदा कळतो. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. धर्मानंदांनी जुनी पाली सुत्ते तपासली आणि ती कथा बाजूला ठेवून शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या भांडणाकडे लक्ष वेधले. बाबासाहेबांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही गृहत्यागाच्या मुळाशी तेच पाणी आहे. भाषांतरावर अवलंबून असणाऱ्याला कथा ऐकावी लागते. भाषा येणाऱ्याला कथेची झडती घेता येते.

१९३७ साली मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभा केला. कामगारांनी आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांनी धम्म जाणावा हा त्यामागचा हेतू होता. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे, आजारी देहाला अन्न देणे थांबवून, शांतपणे त्यांनी देह ठेवला.

आपले काम

वाचकहो, धर्मानंदांना काशीचे दार जन्माने उघडे मिळाले. बाबासाहेबांना ते मिळाले नाही, तरी त्यांनी पाली शिकून पालीचा शब्दकोश रचला. शासनाने १९९८ साली त्यांच्या लेखनाच्या १६ व्या खंडात तो प्रसिद्ध केला आहे. ज्याला वाट मिळाली त्याने ती सर्वांसाठी रुंद केली, ज्याला नाकारली त्याने ती स्वतः खोदली. आपल्यापुढे आता दोन्ही वाटा तयार आहेत. मुंबई आणि पुणे विद्यापीठांत पालीचे विभाग आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आहे. देवनागरीत ग्रंथ आहेत. आपल्याला बोटीत बसावे लागत नाही, भिक्षापात्र धरावे लागत नाही.

तेव्हा येत्या वर्षावासापासून प्रत्येक विहाराने एवढे करावे. वंदनेतील एक शब्द दर आठवड्याला घ्यावा, त्याचा पालीतला अर्थ आणि मराठीतला अर्थ शेजारी शेजारी फळ्यावर लिहावा, मुलांकडून त्याची छोटी वाक्ये बोलवून घ्यावीत आणि चुकले तर हसू नये. वर्षाला पन्नास शब्द होतील. पन्नास शब्दांत सारे पंचशील आणि त्रिसरण समजून म्हणता येते. मुखोद्गत आहे ते मनोगत व्हावे, एवढ्यासाठीच आचार्य धर्मानंद कोसंबी आयुष्यभर देशोदेशी चालत राहिले.

जय भीम!