डावखुऱ्यांचा मेंदू आणि डॉ. ब्रोका

मिनी ड्राफ्टर लावताना धडपडणाऱ्या डावखुऱ्याला होस्टेलवर हमखास ऐकावं लागतं, की याचा मेंदूच उलटा. या समजुतीचा माग काढत गेलं की पॅरिसचे सर्जन पॉल ब्रोका भेटतात.

ब्रोकांचा जन्म १८२४ चा, बोर्दोजवळच्या एका छोट्या गावातला. वडीलही डॉक्टर. विसाव्या वर्षी, म्हणजे आपण एम-थ्रीशी झुंजतो त्या वयात, पठ्ठ्या डॉक्टर झाला!

एप्रिल १८६१ मध्ये त्यांच्या वॉर्डात लेबॉर्न्य नावाचा पेशंट आला. पाय सडलेला, उजवी बाजू लुळी. तोंडातून शब्द एकच, 'टॅन'. पण समजायचं बरंच. हॉस्पिटलात किती वर्षं आहेस, असं विचारल्यावर त्याने पंजा चारदा उघडला आणि वर एक बोट दाखवलं. एकवीस! आठवड्याभरात तो गेला. ब्रोकांनी मेंदू तपासला, तर डाव्या बाजूचा पुढचा भाग खराब झालेला.

एका केसवर ते थांबले नाहीत. पुढच्या पेशंटांतही बिघाड डावीकडेच सापडत गेला, तेव्हा कुठे १८६५ साली त्यांनी जाहीर केलं की बहुतेक माणसं डाव्या मेंदूने बोलतात. मार्क डाक्स या डॉक्टरांनी १८३६ मध्येच असं लिहून ठेवलं होतं, पण तो लेखही छापून आला १८६५ मध्येच.

मग डावखुऱ्यांचं काय? काहींचा उजवा मेंदू पुढाकार घेत असेल, असं ब्रोकांना वाटे. पण हात आणि भाषा यांची जोडी पक्की असलीच पाहिजे, असं त्यांनी म्हटलं नव्हतं. डावखुरा म्हणजे भाषा उजवीकडे, हा सरसकट नियम नंतरच्यांनी त्यांच्या नावावर खपवला. प्रत्यक्षात उजव्या हाताच्या सुमारे ९५ टक्के लोकांची भाषा डावीकडे असते, आणि डावखुऱ्यांपैकीही जवळपास ७० टक्क्यांची तिथेच. म्हणजे विंगमधले बहुतेक लेफ्टी तुमच्या-आमच्यासारखेच बोलतात!

ब्रोका सगळीकडे इतके सावध नव्हते, हेही सांगायला हवं. कवट्या मोजून, मेंदू तोलून त्यांनी बायकांना आणि युरोपबाहेरच्या लोकांना कमी अकलेचं ठरवलं. मोजमाप काटेकोर, निष्कर्ष मात्र आधीच ठरलेला. आपल्या लॅबमध्ये उत्तरावरून रीडिंग लिहितात, तसलाच प्रकार.

१८८० मध्ये ते सिनेटर झाले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये, ५६ व्या वर्षी वारले. त्यांचा स्वतःचा मेंदूही पॅरिसमध्ये बरणीत जपून ठेवला गेला.