विश्लेषण : प्राध्यापक, कैदी, कादंबरीकार… रायगडचे वामन मल्हार जोशी आज कोणाला आठवतात?

पाली (जि. रायगड) : महाविद्यालयात शिकवायचे आणि घरी येऊन कादंबरी लिहायची, ही मराठीतली जुनी परंपरा आहे. ना. सी. फडके तर्कशास्त्र शिकवत, भालचंद्र नेमाडे यांनी इंग्रजी शिकवले. आता तर इंग्रजीचे प्राध्यापक कादंबरी लिहितात आणि त्याच वर्गात सिनेमाही शिकवतात. पुस्तक असो वा चित्रपट, अशा वर्गात एक प्रश्न हमखास निघतो. कलाकृती सुंदर आहे, पण तिच्यातला विचार पटत नाही, तर तिला चांगली म्हणायचे का? मराठीत हा प्रश्न थेट कादंबरीच्या पानावर आणणारा प्राध्यापक मूळचा रायगड जिल्ह्यातला होता. त्याचे नाव वामन मल्हार जोशी. त्यांच्या भावाचे नाव मुंबईत रस्त्याच्या पाटीवर रोज हजारो लोक वाचतात. वामनरावांचे नाव मात्र बहुतेकांना अभ्यासक्रमापलीकडे माहीत नसते.

वामन मल्हार जोशी कोण होते?

वामनरावांचा जन्म २१ जानेवारी १८८२ रोजी तळे येथे झाला. हे गाव आज तळा म्हणून ओळखले जाते आणि स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण आहे. पालीहून वाकण फाट्याला येऊन मुंबई-गोवा महामार्ग धरला की कोलाडनंतर इंदापूर लागते. तिथून तळ्याकडे रस्ता फुटतो. महामार्गानेच माणगावच्या पुढे गेले की गोरेगाव लागते. जोशी कुटुंबाचे हेच गाव.

त्यांचे थोरले बंधू नारायण मल्हार म्हणजे ना. म. जोशी. भारतातील कामगार चळवळीचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव पहिल्या काही जणांत येते. १९२० मध्ये स्थापन झालेल्या ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसच्या संस्थापकांपैकी ते एक. लोअर परळचा ना. म. जोशी मार्ग त्यांच्याच नावाचा. गिरण्यांच्या काळात कामाला मुंबईला गेलेल्या रायगडमधल्या कितीतरी घरांना हा रस्ता पाठ आहे.

एक भाऊ कामगारांच्या प्रश्नाकडे वळला, दुसरा पुस्तकांकडे. पण दुसऱ्याची वाट सोपी होती असे मुळीच नाही. पदवी घेतल्यावर अवघ्या दोन वर्षांत ती तुरुंगात पोहोचली.

तेव्हाचा रायगड जिल्हा कसा होता?

तेव्हा रायगड जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ मध्ये मिळाले. शिवाय आजचा सगळा जिल्हा एका कारभाराखाली नव्हता. तळे, गोरेगाव हा इंग्रजांचा मुलूख. पाली आणि सुधागडचा भाग मात्र भोर संस्थानात होता. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाल्यावर सुधागड कुलाबा जिल्ह्यात आला.

आज पालीतल्या मुलाला पदवीसाठी गाव सोडावे लागत नाही. त्या काळी या पट्ट्यातल्या मुलाला पदवी हवी असेल तर घाट चढून पुणे गाठणे किंवा मुंबईला जाणे एवढेच पर्याय होते. वामनराव पुण्यात शिकले आणि १९०६ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झाले. त्या काळात या पदवीवर सरकारी नोकरी मिळणे अवघड नव्हते. त्यांनी ती वाट धरली नाही. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांनी राष्ट्रीय शिक्षणासाठी कोल्हापुरात समर्थ विद्यालय काढले होते. वामनराव तिथे शिक्षक म्हणून गेले आणि विजापूरकरांच्या ‘विश्ववृत्त’ मासिकाचे संपादनही करू लागले.

तुरुंगवास कशामुळे झाला?

दुसऱ्याने लिहिलेल्या लेखामुळे. १९०८ मध्ये ‘विश्ववृत्ता’त वैदिक प्रार्थनांच्या तेजस्वितेविषयी एक लेख छापून आला. लेखक होते वेदांचे अभ्यासक श्रीपाद दामोदर सातवळेकर. लेखाचा विषय वेदांचा होता, पण सरकारला त्यात राजद्रोह दिसला. संपादक म्हणून वामनरावांवर आणि चालक म्हणून विजापूरकरांवर खटला चालला. वामनरावांना तीन वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा ते २६ वर्षांचे होते.

हे वर्षच तसे होते. ‘केसरी’तील लेखांसाठी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवण्यात आले ते १९०८ मध्येच. ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनाही त्याच वर्षी १९ महिन्यांची शिक्षा झाली. इंग्रजी मुलखात यासाठी भारतीय दंड विधानातले १२४अ हे कलम होते. कोल्हापूर संस्थान होते, पण संस्थानात राहिल्याने लेखणीला संरक्षण मिळत नव्हते, हे या खटल्याने दाखवून दिले. पुढे समर्थ विद्यालयही सरकारी रोषामुळे बंद पडले.

१२४अ स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके कायद्यात राहिले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये त्याचा वापर थांबवला आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राजद्रोह हा शब्द राहिलेला नाही. देशाच्या सार्वभौमत्वाला धोका पोहोचवणाऱ्या कृत्यांसाठी तिच्यात १५२ हे वेगळे कलम आहे आणि त्याच्या व्याप्तीवर वाद चालू आहे. त्यामुळे, आपण न लिहिलेल्या मजकुरासाठी तीन वर्षे गमावणाऱ्या संपादकाची ही गोष्ट केवळ इतिहासजमा म्हणता येत नाही.

सुटकेनंतर त्यांनी काय केले?

शिक्षा भोगलेल्या माणसाने पुढे आणखी कडवे लिहावे किंवा लिहिणेच सोडावे, अशी दोन उदाहरणे नेहमी दिसतात. वामनरावांनी तिसरेच केले. त्यांनी कादंबरी लिहायला घेतली, आणि तिच्यात प्रत्येक बाजूच्या माणसाला पूर्ण बोलू दिले.

१९१५ मध्ये ‘रागिणी’ आली. मराठी वाचकाला तोवर हरिभाऊ आपट्यांच्या सामाजिक कादंबऱ्यांची सवय होती. हरिभाऊंच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ मध्ये स्त्री आपले दुःख सांगते आणि वाचक हळहळतो. ‘रागिणी’त स्त्रिया वाद घालतात. संसार, स्त्रीचे स्वातंत्र्य, धर्म, तत्त्वज्ञान अशा विषयांवर पात्रांचे लांबच लांब संवाद रंगतात. एक जण मुद्दा मांडतो, दुसरी तो खोडते, तिसरा दोघांच्या मधली वाट दाखवतो. मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताचा अधिकार मिळाला तो १९२१ मध्ये. त्याच्या सहा वर्षे आधी कादंबरीत स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने तर्क लढवताना दाखवणे ही साधी गोष्ट नव्हती.

१९१६ मध्ये ‘आश्रमहरिणी’ प्रसिद्ध झाली. तिचे वातावरण पुराणकाळातले आहे, पण आतला प्रश्न त्या काळातल्या घराघरांतला, स्त्रीच्या पुनर्विवाहाचा. १९२० मध्ये ‘नलिनी’ आली. या लेखनामुळे मराठीत तात्त्विक कादंबरी हा शब्द रुळला आणि तो वामनरावांच्या नावाला कायमचा चिकटला.

ते शिकवत कुठे होते?

पुण्याजवळच्या हिंगण्याला, महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या संस्थेत. १९१६ मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. वामनराव तिथे १९१८ च्या सुमारास प्राध्यापक झाले आणि पुढे प्राचार्यही झाले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि त्यांच्या आईच्या नावावरून ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ झाले. आज मुंबईत आपण एसएनडीटी म्हणतो, ते हेच.

या विद्यापीठाची दोन वैशिष्ट्ये लक्षात घ्यायला हवीत. पहिले म्हणजे शिक्षण मातृभाषेतून होते, इंग्रजी हा त्यातला एक विषय होता. दुसरे म्हणजे इथल्या पदवीला सरकारी मान्यता नव्हती. पदवीचे नावही वेगळे होते, गृहीतागमा. विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळायला स्वातंत्र्य उजाडावे लागले. म्हणजे वामनरावांच्या विद्यार्थिनी नोकरीची खात्री नसलेली पदवी घेत होत्या आणि वामनराव त्यांना शिकवण्यात आयुष्य घालवत होते.

मराठीतून शिकवायचे तर मराठीत पुस्तके हवीत. वामनरावांनी ‘नीतिशास्त्र-प्रवेश’ लिहिले, सॉक्रेटिसाचे संवाद मराठीत आणले. समोरच्याला प्रश्न विचारत विचारत त्याच्याच तोंडून उत्तर काढायचे, ही सॉक्रेटिसाची पद्धत. ती वर्गात उपयोगी पडते आणि वामनरावांच्या कादंबऱ्यांतही दिसते. त्यांची नायिका वाचताना हिंगण्याची विद्यार्थिनी डोळ्यांसमोर येते ती यामुळेच.

कला मोठी की नीती?

१९३० चे दशक मराठी साहित्यात एका मोठ्या वादाने गाजले. कला कलेसाठी की जीवनासाठी, हा तो वाद. ना. सी. फडके एका बाजूला, वि. स. खांडेकर दुसऱ्या बाजूला, अशी त्याची ढोबळ मांडणी अजूनही शिकवली जाते.

वामनरावांचा ओढा जीवनाच्या बाजूचा होता, पण कलेला नीतीची मोलकरीण करणे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी एक वेगळा मुद्दा पुढे आणला. शब्दाला, रंगाला, सुराला जसे सौंदर्य असते तसे विचारालाही असते. तेव्हा कादंबरीत विचार आला की कला कमी होते, असे धरून चालायचे कारण नाही. १९४० च्या त्यांच्या लेखसंग्रहाचे नावच ‘विचारसौंदर्य’ आहे.

या काळातल्या त्यांच्या दोन कादंबऱ्या सर्वांत महत्त्वाच्या मानल्या जातात. ‘सुशीलेचा देव’ (१९३०) मध्ये एका मुलीची देवाची कल्पना वयाबरोबर कशी बदलत जाते, हा विषय आहे. लहानपणी मूर्तीत दिसणारा देव पुढे तिला ध्येयात आणि माणसांच्या सेवेत दिसू लागतो. त्याच वर्षी मडगाव येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ‘इंदु काळे व सरला भोळे’ (१९३४) ही संपूर्ण कादंबरी पत्रांतून उलगडते. कला आणि नीती यांचा झगडा इथे व्याख्यानात नाही, पत्र लिहिणाऱ्या माणसांच्या आयुष्यात घडतो. पत्रांचे रूप त्यांच्या स्वभावाला जुळणारे होते, कारण पत्रात प्रत्येक जण आपली बाजू आपल्या तोंडाने सांगतो आणि लेखकाला मध्ये पडून निकाल द्यावा लागत नाही.

त्यांच्यावर टीका काय झाली?

टीका भरपूर झाली आणि तिच्यात तथ्यही आहे. त्यांच्या कादंबऱ्यांत घटना थांबतात आणि चर्चा सुरू होते. काही ठिकाणी पात्र बोलते आहे की प्राध्यापक, हे कळेनासे होते. कथेतले योगायोग आज वाचताना जुने वाटतात. प्रत्येक प्रश्नाच्या दोन्ही बाजू बघण्याच्या सवयीमुळे ते कधीच ठाम निर्णयाला येत नाहीत, असाही आक्षेप होता. चळवळीच्या काळात तो दोष समजला जाणे स्वाभाविक होते.

पण या सवयीकडे त्यांच्या आयुष्यातून पाहिले तर ती वेगळी दिसते. एकाच बाजूचे ऐकणाऱ्या सत्तेचा अनुभव त्यांनी २६ व्या वर्षी घेतला होता. विरोधी मताला जागा देणे हा त्यांच्यासाठी डळमळीतपणा नव्हता, ती कमावलेली शिस्त होती.

मग आज त्यांना का वाचायचे?

‘रागिणी’ आली तेव्हा दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ला दोनच वर्षे झाली होती. ‘इंदु काळे व सरला भोळे’ आली तोवर मराठी बोलपट सुरू होऊन दोन वर्षे झाली होती. पुढे १९३७ मध्ये प्रभातच्या ‘कुंकू’ने नारायण हरी आपटे यांच्या कादंबरीवरून बंड करणारी नायिका पडद्यावर आणली. त्या नीराला आजही सिनेमाच्या वर्गात दाखवले जाते. तिच्या आधी दोन दशके कागदावर वाद घालणाऱ्या नायिकांची ओळख मात्र तितकी होत नाही.

वामनरावांचे निधन २० जुलै १९४३ रोजी झाले. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील हक्क संपतो. म्हणजे २००४ पासून त्यांच्या कादंबऱ्या सर्वांसाठी खुल्या आहेत. तळा, गोरेगाव किंवा पालीतल्या एखाद्या विद्यार्थ्याला ‘इंदु काळे व सरला भोळे’वर नाटक, श्राव्य मालिका किंवा लघुपट करायचा असेल तर कोणाची परवानगी लागणार नाही. पत्रांची ही कादंबरी फोनवरच्या संदेशांतून आजच्या काळात सहज आणता येईल. त्यासाठी आधी ती वाचावी मात्र लागेल.