गाण्याआधीचा पॉल

आमच्या घरी पॉल रॉबसनची एक रेकॉर्ड होती. मिसिसिपी नदीवरचं ते गाणं लागलं, की आई हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर यायची. शब्द कळायचे नाहीत, पण तो खर्जातला आवाज पोटात जायचा. हा माणूस आधी फुटबॉलपटू होता, हे मला परवा-परवा त्याचं चरित्र वाचताना कळलं.

फुटबॉल म्हणजे अमेरिकन. चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर झेपावून पाडायचं. तेव्हा तेच अकराजण चढाईही करत आणि बचावही. पॉल खेळायचा फळीच्या टोकाला; कडेनं घुसणाऱ्याला आडवं करणारा.

जन्म १८९८चा, प्रिन्स्टनचा. वडील पंधराव्या वर्षी गुलामगिरीतून पळालेले, पुढे धर्मोपदेशक झालेले. पॉल पाच वर्षांचा असताना शेगडीतला निखारा कपड्यांवर पडून आई भाजून गेली. त्याला वाढवलं वडिलांनीच.

१९१५ साली स्कॉलरशिप मिळवून तो रटगर्स कॉलेजात गेला. टीममध्ये काळा मुलगा नको, म्हणून सरावाच्या पहिल्याच दिवशी गोऱ्या मुलांनी त्याचं नाक फोडलं, खांदा निखळवला. दहा दिवस अंथरुणात. सोडून द्यावं असं मनात आलंही. पण मागून येणाऱ्या काळ्या मुलांसाठी तुला टिकायचंय, ही वडिलांची शिकवण. गेला परत. मग कुणीतरी बुटानं त्याचा हात चिरडला, नखं निघाली. त्यासरशी पॉलनं समोरच्या खेळाडूला डोक्यावर उचललं. आता आपटणार, तोच कोच सॅनफर्ड ओरडले, की तू टीममध्ये आलास! मैत्रिणींनो, राग गिळायला शिकवलेल्या आपल्यासारख्यांना तो उचललेला माणूस वाचून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

तरी १९१६ साली दक्षिणेतल्या एका कॉलेजनं काळ्याबरोबर खेळायला नकार दिला, तेव्हा त्याच कोचनी पॉलला बाहेर बसवलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजनं तेच म्हटलं. या वेळी मात्र कोच हटले नाहीत.

१९१८च्या मे महिन्यात वडील गेले. त्याच वर्षी वॉल्टर कँप यांनी देशातल्या सर्वोत्तम अकरांत पॉलला घेतलं. पुढे व्यावसायिक फुटबॉल खेळून त्यानं वकिलीच्या शिक्षणाचा खर्च भागवला. वकिली जमली नाही. बायको एस्लांडानं रंगभूमीकडे लोटलं, आणि मग तो आवाज जगभर गेला.

काळ्यांच्या हक्कांबद्दल आणि रशियाच्या बाजूनं बोलतो म्हणून १९५० साली सरकारनं त्याचा पासपोर्ट काढून घेतला. त्याच सुमारास निघालेल्या कॉलेज फुटबॉलच्या एका जाडजूड पुस्तकात १९१८च्या टीमची नावं होती फक्त दहा. अकरावं गाळलेलं!

१९५८ साली त्याची साठी आपल्याकडे साजरी झाली. समितीचे अध्यक्ष होते मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश छागला, आणि नेहरूंचा पाठिंबा होता. त्याच वर्षी पासपोर्ट परत मिळाला. कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये नाव लागायला मात्र १९९५ उजाडलं. पॉलला जाऊन तेव्हा १९ वर्षं झाली होती.