विश्लेषण : ब्लूग्रास संगीत नेमके कोणाचे? त्याचे जनक बिल मन्रो इतर वादकांवर का रागावले होते?

अमेरिकेतील लहान गावांच्या सामुदायिक नाट्यगृहांत, शाळांच्या सभागृहांत, क्वचित एखाद्या जुन्या धान्यकोठारात आजही ब्लूग्रास आणि लोकसंगीताच्या मैफली भरतात. मंचावर चार-पाच वादक, मँडोलिन, बँजो, फिडल, गिटार आणि उभा बास. ड्रम नाहीत आणि विजेवर चालणारी वाद्येही सहसा नसतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे शेकडो वर्षांचे डोंगरी संगीत वाटते. प्रत्यक्षात या प्रकाराला नाव मिळाले ते १९३९ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या एका वाद्यवृंदावरून. तो वाद्यवृंद बिल मन्रो यांचा. आपली शैली इतरांनी उचलली याचा त्यांना अनेक वर्षे राग होता आणि त्याच ‘इतरांमुळे’ ते पुढे या संगीताचे जनक ठरले.

बालपण कसे गेले?

विल्यम स्मिथ मन्रो यांचा जन्म १३ सप्टेंबर १९११ रोजी केंटकी राज्यातील रोझीन या गावाजवळच्या शेतघरात झाला. आठ भावंडांतले ते शेंडेफळ. आई मालिसा फिडल वाजवीत, गात असे. घरात वाद्ये होती, पण ती वाटून घेण्याचा मान थोरल्यांचा. बर्चने फिडल घेतले, चार्लीने गिटार. धाकट्या बिलच्या वाट्याला उरले मँडोलिन. त्यातही त्याचा आवाज फार होऊ नये म्हणून भावांनी आठपैकी चारच तारा लावू दिल्या, असे सांगितले जाते. ज्या वाद्याला घरात सर्वात कमी किंमत होती, त्यालाच त्यांनी पुढे वाद्यवृंदाच्या मध्यभागी आणले.

डोळ्यातील तिरळेपणामुळे मुले चिडवीत, त्यामुळे पाहुणे आले की तो लपून बसे. दहा वर्षांचा असताना आई गेली, सोळाव्या वर्षी वडील गेले. मोठी भावंडे एव्हाना कामासाठी बाहेर पडली होती. काही काळ तो आईच्या भावाकडे, पेंडल्टन व्हँडिव्हर यांच्याकडे राहिला. पेनमामा फिडलवादक होते. गावोगावच्या नृत्यांत ते फिडल वाजवीत आणि भाचा गिटारवर साथ करी. फिडलच्या शेकडो वर्षे चालत आलेल्या सुरावटी त्याने येथे कानाने टिपल्या.

दुसरे गुरू आर्नल्ड शुल्ट्झ. ते कृष्णवर्णीय होते, कोळशाच्या खाणीत काम करीत आणि गिटार व फिडल अप्रतिम वाजवीत. रात्रभर चालणाऱ्या नृत्यांत मन्रो यांनी त्यांना साथ केली आणि आयुष्यातील पहिली बिदागी मिळवली. मन्रो यांच्या संगीतातील ब्लूजची छाया येथून आली, हे त्यांनी स्वतः नेहमी मान्य केले. शुल्ट्झ १९३१ मध्ये वारले. त्यांचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. मालकीच्या या गोष्टीत शुल्ट्झ यांचे नाव मात्र बराच काळ अभ्यासकांपुरतेच राहिले.

नॅशव्हिलपर्यंतचा प्रवास कसा झाला?

१९२९ मध्ये मन्रो इंडियानात भावांकडे गेले. तेथे तेलशुद्धीकरण कारखान्यात पिंपे हलवण्याचे, साफ करण्याचे काम केले. रात्री तिघे भाऊ वाजवीत. १९३४ पासून बिल आणि चार्ली यांनी रेडिओवर गाण्याचा पूर्णवेळ व्यवसाय सुरू केला. १९३६ ते १९३८ या काळात मन्रो ब्रदर्स या नावाने त्यांची ६० गाणी ध्वनिमुद्रित झाली. मंदीच्या दिवसांत हे यश मोठेच होते, पण दोघांचे स्वभाव तापट आणि भांडणे नित्याची. १९३८ मध्ये जोडी फुटली.

मग मन्रो यांनी स्वतःचा वाद्यवृंद काढला. केंटकीला ब्लू ग्रास राज्य म्हणतात, म्हणून नाव ठेवले ‘ब्लू ग्रास बॉइज’. गंमत म्हणजे, ज्या गवतावरून हे नाव पडले तो राज्याचा सुपीक, घोड्यांच्या पागांचा प्रदेश रोझीनपासून बराच दूर आहे. ऑक्टोबर १९३९ मध्ये नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमासाठी त्यांनी चाचणी दिली आणि लगेच निवड झाली. दर शनिवारी रात्री प्रसारित होणारा हा कार्यक्रम देशाच्या मोठ्या भागात ऐकला जाई. तेथे स्थान मिळणे म्हणजे पोटापाण्याची सोय होणे.

आठवड्याचे उरलेले दिवस मात्र रस्त्यावर जात. शाळांची सभागृहे, न्यायालयांच्या इमारती, लहान चित्रपटगृहे, जेथे जागा मिळेल तेथे कार्यक्रम. १९४० च्या दशकात मन्रो स्वतःचा तंबू घेऊन फिरू लागले. सोबत बेसबॉल संघही असे. गावात पोहोचायचे, तंबू उभारायचा, दुपारी स्थानिक संघाशी सामना खेळायचा आणि संध्याकाळी त्याच प्रेक्षकांसमोर गायचे. आणि शनिवारपर्यंत, शेकडो मैल गाडी हाकत, नॅशव्हिलला परतायचे.

ब्लूग्रास म्हणजे नेमके काय?

डिसेंबर १९४५ मध्ये अर्ल स्क्रग्ज हा विशीतला बँजोवादक वाद्यवृंदात आला. अंगठा आणि दोन बोटे वापरून सुरांची अखंड सर सोडण्याची त्याची पद्धत ऐकून ऑप्रीचे प्रेक्षक थक्क झाले. गिटार आणि मुख्य गायनाला लेस्टर फ्लॅट, फिडलवर चबी वाइज, बासवर हॉवर्ड वॉट्स. १९४६ आणि १९४७ मध्ये या पाच जणांनी केलेली ध्वनिमुद्रणे हा आजही या प्रकाराचा मानदंड मानला जातो.

त्यातील मांडणी अशी : लय बहुधा जलद. मँडोलिनच्या तारांवर तालाच्या कमजोर ठोक्याला तुटक आघात करायचा, तो ड्रमचे काम करतो. एक वाद्य पुढे येऊन सुरावट वाजवते, तेव्हा बाकीचे मागे सरतात, मग दुसऱ्याची पाळी. जाझमधील ही पाळीपाळीने वाजवण्याची रीत मन्रो यांनी डोंगरी सुरावटींना लावली. गायन उंच पट्टीत, मुख्य आवाजाच्याही वर मन्रो यांचा टिपेचा स्वर. त्यात चर्चमधील गीतांची सामूहिक गायकी आणि ब्लूजचे हेलकावे.

त्या काळी मंचावर एकच मायक्रोफोन असे. ज्याची पाळी तो माइककडे सरके आणि वाजवून झाले की बाजूला होई. वाद्यांच्या माना एकमेकांना लागू न देता पाच जणांनी ही ये-जा करायची, म्हणजे जवळपास नृत्यच. अनेक चमू आजही हौसेने एकाच माइकभोवती उभे राहतात. ध्वनियंत्रणेवर फारसा खर्च नको, गाडीत मावतील एवढीच माणसे आणि वाद्ये, हे लहान सभागृहांना परवडणारे गणित मुळात फिरत्या तंबूतील गरजेतून आले होते.

मन्रो यांचा राग कशाबद्दल होता?

१९४८ च्या सुरुवातीस स्क्रग्ज आणि फ्लॅट दोघेही बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद काढला. पगार तुटपुंजा, प्रवास अमाप, अशी मन्रो यांच्याकडील नोकरी होती, त्यामुळे त्यांचे जाणे अनपेक्षित नव्हते. मन्रो यांनी मात्र ती गद्दारी मानली. पुढली वीसहून अधिक वर्षे त्यांनी दोघांशी संबंध तोडले.

त्याच वर्षी व्हर्जिनियातील स्टॅन्ली बंधूंनी ‘मॉली अँड टेनब्रुक्स’ हे गाणे मन्रो यांच्याच ढंगात ध्वनिमुद्रित केले. मन्रो यांचे स्वतःचे ध्वनिमुद्रण तयार होते, पण बाजारात आले नव्हते. स्टॅन्ली बंधूंनी ते मन्रो यांच्या कार्यक्रमांतून उचलले होते. पाठोपाठ कोलंबिया कंपनीने स्टॅन्ली बंधूंना करारबद्ध केले, तेव्हा मन्रो कंपनी सोडून डेकाकडे गेले.

येथे मन्रो यांची बाजू जितकी समजण्याजोगी तितकीच अवघड आहे. मुळात ते गाणे घोड्यांच्या एका जुन्या शर्यतीवरचे लोकगीत, म्हणजे कोणाच्याच मालकीचे नव्हते. मन्रो ज्याला आपले म्हणत होते तो होता वाद्यवृंदाचा नाद, आणि नादाला कायद्यात मालक नसतो. घराण्याची गायकी शिष्यांबरोबर बाहेर जाणारच. त्यात मन्रो यांच्या पदरी येऊन गेलेल्या वादकांची संख्या दीडशेच्या पुढे होती. शिवाय पेनमामा आणि शुल्ट्झ यांच्याकडून त्यांनीही असेच घेतले होते.

एल्व्हिस प्रेस्लीच्या गाण्याचे प्रकरण याच्या उलट घडले. ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ हे मन्रो यांचे स्वरचित गाणे, संथ वॉल्ट्झच्या तालातले. जुलै १९५४ मध्ये १९ वर्षांच्या एल्व्हिसने त्याची चाल पार बदलून, उसळत्या तालात आपल्या पहिल्याच तबकडीच्या दुसऱ्या बाजूला ते घेतले. मन्रो रागावतील असे वाटत होते. त्याऐवजी त्यांनी काही आठवड्यांत हे गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित केले, पहिला भाग मूळ संथ तालात आणि पुढला एल्व्हिससारखा जलद. गाण्यावर गीतकार म्हणून त्यांचे नाव होते आणि मानधन त्यांना मिळणार होते, हा फरक नजरेआड करता येत नाही.

छोट्या मंचांनी त्यांना कसे तारले?

१९५० चे दशक कठीण गेले. जानेवारी १९५३ मध्ये मोटार अपघातात अनेक हाडे मोडली आणि काही महिने वाद्य हाती घेता आले नाही. नंतर रॉक अँड रोलच्या लाटेत जुन्या धाटणीच्या कार्यक्रमांचे प्रेक्षक आटले. या काळात ‘ब्लूग्रास’ हा शब्द संगीतप्रकार म्हणून रूढ होत होता. फ्लॅट-स्क्रग्ज यांच्या मैफलीत मन्रो यांच्या गाण्याची फर्माईश करायची तर त्यांचे नाव घेणे अवघड, म्हणून रसिक ‘ते ब्लू ग्रासवाले’ गाणे मागत आणि त्यातून हा शब्द पसरला, अशी एक आठवण सांगितली जाते. ती खरी असेल, तर अबोल्याने या संगीताला नाव दिले म्हणायचे.

त्या पडत्या काळातील त्यांचा एक आधार म्हणजे इंडियानातील बीन ब्लॉसम या खेड्यातले कोठारवजा सभागृह. तेथे गावकऱ्यांसाठी संगीताचे कार्यक्रम होत. १९५० च्या दशकाच्या आरंभी मन्रो यांनी ते विकत घेतले आणि भाऊ बर्च याने ते सांभाळले. व्यवसाय म्हणून ते फारसे किफायतशीर नव्हते.

१९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या लोकसंगीत वर्तुळातील राल्फ रिन्झलर या तरुण मँडोलिनवादकाने ‘सिंग आउट’ या नियतकालिकात मन्रो यांच्यावर लेख लिहिला. शहरी रसिक तोवर फ्लॅट-स्क्रग्ज यांनाच या संगीताचे प्रमुख मानत होते. मूळ कोठे आहे, हे रिन्झलर यांनी दाखवून दिले आणि मन्रो यांचे व्यवस्थापनही हाती घेतले. महाविद्यालये, न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सव अशी नवी दारे उघडली.

सप्टेंबर १९६५ मध्ये कार्लटन हेनी यांनी व्हर्जिनियात फिनकॅसलजवळच्या एका घोडेपालन फार्मवर पहिला बहुदिवसीय ब्लूग्रास महोत्सव भरवला. हेनी यांची कल्पना साधी होती. मन्रो मंचावर आणि त्यांच्याकडून फुटून गेलेले जुने सहकारी एकेक करून त्यांच्याशेजारी येऊन गाणार. मॅक वाइजमन आले, जिमी मार्टिन आले, कार्टर स्टॅन्लीही आले. ज्यांना मन्रो प्रतिस्पर्धी समजत आले, त्यांची ती रांग म्हणजे त्यांचाच वंशवृक्ष होता. फ्लॅट आणि स्क्रग्ज मात्र त्यात नव्हते.

समेट झाला का?

१९६७ पासून मन्रो यांनी बीन ब्लॉसमला स्वतःचा जूनमधील महोत्सव सुरू केला. मंचाइतकेच महत्त्व झाडाखालच्या बैठकांना. तंबू ठोकून राहिलेले हौशी वादक आपापली वाद्ये काढत, आणि मन्रो त्यांच्यात जाऊन वाजवत. आपले संगीत कोणी वाजवले की डोके फिरणारा माणूस आता अनोळखी पोरांना सुरावटी दाखवत होता. १९७१ मध्ये याच ठिकाणी लेस्टर फ्लॅट आले. दोघांनी हस्तांदोलन केले, मग एकत्र गायले. एव्हाना फ्लॅट आणि स्क्रग्ज यांचीही जोडी फुटली होती.

मान-सन्मान उशिरा, पण भरपूर आले. १९७० मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये समावेश, १९८९ मध्ये ब्लूग्रास विभागात दिलेले पहिले ग्रॅमी, १९९५ मध्ये कलेसाठीचे राष्ट्रीय पदक. माणूस तरीही सोपा नव्हता. १९५० च्या दशकात दुरुस्तीला दिलेले मँडोलिन मनाजोगे परत आले नाही, म्हणून त्यांनी चाकूने वाद्यावरचे ‘गिब्सन’ हे कंपनीचे नाव खरवडून काढले होते. ते रुसणेही जवळपास तीन दशके टिकले.

हे मँडोलिन त्यांनी १९४० च्या दशकात फ्लोरिडातील एका केशकर्तनालयाच्या खिडकीत पाहून १५० डॉलरला घेतले होते. नोव्हेंबर १९८५ मध्ये कोणी तरी घरात शिरून शेकोटीच्या सळईने त्याचा चक्काचूर केला. गिब्सनच्याच कारागिराने लाकडाच्या बारीक कपच्या महिनोन्महिने जुळवून ते पुन्हा उभे केले आणि मन्रो त्यावर आणखी दहा वर्षे वाजवत राहिले. आज ते नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये आहे.

एप्रिल १९९६ मध्ये मन्रो यांना पक्षाघाताचा झटका आला. ९ सप्टेंबर रोजी, ८५ वा वाढदिवस चार दिवसांवर असताना, टेनेसीतील स्प्रिंगफिल्ड येथे त्यांचे निधन झाले. नॅशव्हिलच्या रायमन ऑडिटोरियममध्ये, जेथे त्यांनी ऑप्रीच्या असंख्य शनिवारी वाजवले, श्रद्धांजली सभा झाली. दफन मात्र रोझीनला झाले, आईवडील आणि पेनमामा यांच्या सोबतीला. त्याच गावातल्या एका कोठारात शुक्रवारी रात्री आसपासचे वादक आपापली वाद्ये घेऊन जमतात आणि पाळीपाळीने वाजवतात.